मदत हवी आहे: परदेशात नोकरी, झोप आणि तब्येतीची घडी

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त परदेशात आल्यापासून दिवसाची घडी पार विस्कटली आहे. काम बसूनच, टीम वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये विखुरलेली, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत कॉल. व्यायामाचं फारसं कोडं नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. तेवढं मी कसंबसं जमवतो.

खरी अडचण झोपेची. शरीराचं घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं. सकाळच्या उजेडाने रात्री झोप लवकर येऊ लागते, रात्रीच्या प्रखर उजेडाने लांबते. माझं नेमकं उलटं: हिवाळ्यात ऑफिसला निघताना काळोख आणि रात्री डोळ्यांसमोर स्क्रीन. सकाळी समोर ठेवायचे ते लाइट थेरपीचे दिवे कोणी वापरलेत का? खरंच फरक पडतो, की नुसतं टेबल अडतं?

दुसरं, इतक्या उत्तरेला हिवाळ्यातलं ऊन एवढं तिरपं असतं की त्वचेत ड जीवनसत्त्व जवळपास तयारच होत नाही. सावळ्या त्वचेला तर एरवीही जास्त ऊन लागतं. गोळ्या मनाने सुरू करणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी आधी रक्ततपासणी सांगितली, की थेट डोस दिला?

आणि एकट्यापुरता रोज स्वयंपाक करायचा कंटाळा कसा घालवता? (आठवड्याचं एकदम करून ठेव, एवढं सोडून काहीही सांगा. चौथ्या दिवशी ते घशाखाली उतरत नाही.)

रात्रीचे कॉल टळणार नाहीत, ते धरूनच सुचवा.