शेलारमामा तुमच्या साच्यात बसतो का?

कृष्णाकाठ (कराड): काल इथं एकानं ज्ञान पाजळलं, "साहसकथा म्हणजे ठरलेला साचा. भाबडा पोरगा, दाढीवाला गुरू, विनोदी जोडीदार, फितूर आणि सोडवून आणायची पोरगी. जोसेफ कॅम्बेल या अमेरिकन मिथक-अभ्यासकानं १९४९ लाच सांगितलंय. आपल्याकडं वेगळं काय?" वाचून डोकं उठलं. अहो, कॅम्बेलनं मांडला तो नायकाचा प्रवास, म्हणजे घर सुटणं, संकट, परत येणं. पात्रांची ठरीव यादी पुढं हॉलिवूडच्या व्होग्लरनं पटकथावाल्यांसाठी केली. आणि वेगळं काय म्हणता? साच्यात आधी म्हातारा मरतो, मग पोरगा पेटून उठतो. सिंहगडाच्या गोष्टीत तानाजी पडतो आणि ऐंशीचा शेलारमामा उदेभानाला आडवा करतो! जोडीदार म्हणाल तर जिवा महाला. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" ही काय विनोदी मित्राची म्हण आहे?

हळदबाजार (सांगली): ती पोस्ट माझीच. इतिहास आणि गोष्ट यांची मिसळ केलीत. जिवा महाला पात्र नव्हे, माणूस होता. आणि गोष्टीवरच विसंबायचं तर घोरपडसुद्धा खरी मानणार का?

कृष्णाकाठ: माणसांचंच घ्या. १९४३ ला शेणोलीजवळ साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं इंग्रजांची पगाराची रेल्वे अडवली. आमच्याकडं ती गोष्ट अजून रंगवून सांगतात. त्यात नियतीनं निवडलेला एकटा पोरगा दाखवा बरं.

बांधावरचा (खटाव): रेल्वे राहू द्या. घोरपडीला हसायचं काम नाही. लहानपणी आमच्या विहिरीच्या कपारीत एक शिरली. आज्ज्यानं शेपूट धरलं, चुलत्यानं आज्ज्याची कंबर धरली. तिनं अंग फुगवलं, नखं रोवली. दोघं घामाघूम, ती वीतभर हलंना. माणूस सहज पेलंल.

हळदबाजार: कपारीत अंग फुगवून अडकणं वेगळं. उघड्या कड्यावर दोराला लोंबकळणारा गडी पेलणं वेगळं.

बांधावरचा: तुम्ही घोरपड बघितलीय का कधी? का नुसती पुस्तकातली?

हळदबाजार: वैयक्तिक येऊ नका. घोरपडे आडनावाचा गडी चढला असंल असंही म्हणतात, ते जास्त पटतं.

बांधावरचा: म्हणजे आमचा आज्जा खोटा?

रानवाट (वाई): आज्जा खरा असो नाहीतर खोटा, आता कुणी शेपूट धरू नका. थेट गुन्हा दाखल होतो.

माहेरवाशीण (मिरज): घोरपडीवर इतकं, आणि "सोडवून आणायची पोरगी" यावर कुणी चकार शब्द काढला नाही. हिरकणीला कुणी सोडवलं? तान्ह्या लेकरासाठी रात्री एकटीच रायगडाचा कडा उतरली. माझ्या पोरीनं कथास्पर्धेला गोष्ट दिली, त्यात मुलगी महापुरात होडी वल्हवत आजीला आणते. परीक्षक म्हणाले, "छान आहे, पण होडीत भाऊ घाल, पटंल तरी." पोरीनं भाऊ घातला. त्याला पहिल्याच पानावर ताप आणला.

कृष्णाकाठ: ताई, लेकीला बक्षीस माझ्याकडनं.

हळदबाजार: बरं बाबा, शेलारमामा तुमचा, हिरकणी ताईंची. दोन्ही माझ्या साच्यात बसत नाहीत, झालं समाधान? पण घोरपड माझी. पोवाड्यात ती अर्ध्यातनं माघारी फिरते, तानाजी कापून खायचा दम भरतो, तेव्हा चढते. नायक आधी नकार देतो हा कॅम्बेलचाच टप्पा. तुमच्या अख्ख्या गडावर साच्यात बसणारी तेवढी एकच.

बांधावरचा: म्हणजे घोरपड होती, हे मान्य ना?