मदत हवी आहे: गस्तीवाल्यांनी बोट तपासली, आता हे कसं निस्तरू?

रविवारी आमची ५.५ मीटरची मोटरबोट गस्तीवाल्यांनी थांबवली. इंजिन न्यूट्रलला टाकलं, एक अधिकारी आत आले. लाइफ जॅकेट माणशी एक होतं, पण सीटखालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेलं! "बुडताना पिशवी फाडत बसणार का?" काय बोलणार, गप्प बसलो. अग्निशामकाचा काटा हिरव्यात होता, फ्लेअर्सची (संकटात मदत मागायला पेटवायच्या इशारा-दिव्यांची) मुदत मात्र कधीच उलटलेली. ताकीद देऊन सोडलं, नशीब.

या जुन्या फ्लेअर्सचं तुम्ही काय करता? कचऱ्यात टाकणं धोक्याचं, आणि गंमत म्हणून उडवले तर कुणी खरंच वाचवायला धावेल. दुसरं, १२ मीटरखालच्या बोटीला घंटेची सक्ती नसली तरी आवाजाने इशारा द्यायचं साधन लागतंच. साधी शिट्टी इंजिनाच्या आवाजात ऐकू जाते का, की सरळ हॉर्न घेऊ?