‘हिवाळा’ म्हणजे ‘हिमालय’च का?

प्रश्न
परवा शेकोटीपाशी बसलो असता मामांनी ठामपणे सांगितले की, ‘हिवाळा’ हे ‘हिमालय’ या शब्दाचेच बोलीतले रूप आहे. ऋतूला कोणी ‘बर्फाचे घर’ कशाला म्हणेल, हे मला उमगत नाही. शिवाय आजी थंडी वाजून ताप आला की ‘हिंव भरलं’ म्हणत असे. तो शब्दही याच घरातला का?

पहिले उत्तर
मामांचे अर्धे बरोबर आहे. ग्राम-गाव, नाम-नाव, कोमल-कोवळा यांत जसा ‘म’चा ‘व’ झाला, तसाच ‘हिम’चा ‘हिंव’ झाला; अनुस्वार ही त्या लोपलेल्या ‘म’ची खूण होय. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे जुन्या पुस्तकांतला ‘हिंवाळा’ आज ‘हिवाळा’ असा छापला जातो. उत्तरार्ध मात्र ‘आलय’ नसून ‘काल’ आहे.

दुसरे उत्तर
निव्वळ उच्चारबदल पाहिला तर ‘आलय’पासूनही ‘आळा’ होऊ शकेल, म्हणून निवाडा भावंडांकडे पाहून करावा लागतो. ‘उष्णकाल’पासून ‘उन्हाळा’ आला, त्याच्या जोडीला ‘पावसाळा’ आहे, आणि गुजरातीतला ‘शियाळो’ व कोकणीतला ‘शिंयाळो’ हे दोन्ही ‘शीतकाल’पासून आलेले आहेत, यांपैकी एकाही ऋतूच्या नावात घराचा संबंध नाही. मधला ‘क’ प्राकृतातच गळला आणि ‘काल’चा ‘काळ’ होताना ‘ल’चा ‘ळ’ झाला.

तिसरे उत्तर
आजीचा शब्द त्याच घरातला आहे. ‘हिंव’ म्हणजे थंडी, आणि त्यावरून थंडी वाजून येणारा ताप. रोजच्या बोलण्यात ‘थंडी’ने त्याची जागा घेतली असली, तरी मलेरियाला सरकारी मराठीत आजही ‘हिवताप’ म्हणतात आणि जिल्ह्याला ‘हिवताप अधिकारी’ असतो. एका जुन्या शब्दाला दप्तरात असा आसरा मिळावा, याची मला गंमत वाटते.

चौथे उत्तर
या घराचा पसारा मोठा आहे. लॅटिनमधला ‘हिएम्स’, रशियनमधला ‘झिमा’ आणि फारसीतला ‘जमिस्तान’ हे हिवाळ्याचे शब्द ‘हिम’चेच दूरचे नातलग आहेत. आपला ‘हेमंत’ही त्यांतलाच, मात्र हेमंत म्हणजे मार्गशीर्ष आणि पौष एवढेच, तर हिवाळ्यात माघ-फाल्गुनातला शिशिरही येतो.