कानाचं दुखणं थांबलं, पण मुलाला ऐकू कमी येतंय. मदत हवी आहे

मृद्गंध: मुलाच्या कानात इन्फेक्शन झालं होतं. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला, ताप आणि ठणका गेला. पण आता टीव्ही मोठ्याने लावतो, मागून हाक मारली तर ओ देत नाही. टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा किती हलतो ती चाचणी) केली, 'बी टाइप' आलंय, म्हणजे पडदा हलत नाहीये. डॉक्टर म्हणतात तीन महिने थांबा. औषध काहीच दिलं नाही! शाळा सुरू आहे, असं कसं थांबायचं? कृपया लवकर सांगा.

कर्णवेध: वय किती? एकच कान की दोन्ही? कोर्स संपून किती दिवस झाले? रिपोर्टवर 'बी'च्या शेजारी ईसीव्ही (कानाच्या नळीत किती जागा आहे ते माप) म्हणून आकडा असेल, तो द्या. नुसत्या 'बी'वरून काही ठरत नाही. आकडा फार मोठा असेल तर पडद्याला छिद्र असू शकतं. अगदीच लहान असेल तर मळ अडकलेला असतो किंवा प्रोब (चाचणीत कानात धरतात ते टोक) कानाच्या नळीच्या भिंतीला टेकलेला असतो, मग चाचणी पुन्हा करावी लागते.

बटवा: लसूण घालून तीळतेल कोमट करा, रात्री दोन थेंब. आठवड्यात कान मोकळा.

कर्णवेध: कृपया घालू नका. पाणी असलंच तर ते पडद्याच्या आत असतं, तेल बाहेरच राहतं. आणि छिद्र असेल तर तेच तेल आत जातं.

सांजवात: कान वाहत असेल तर स्वच्छ कापसाची वात करून टिपत राहा, वात कोरडी निघेपर्यंत. मगच थेंब. पडद्याला छिद्र असताना जेंटामायसिन या अँटिबायोटिकचे थेंब मनाने घालू नका, आतल्या कानाला इजा होऊ शकते. घाण वास येत असेल तर कोलेस्टिएटोमा (कानाच्या आत वाढणारी त्वचेची गाठ) नाही ना, हे तपासून घ्या. तो हाड खातो.

मृद्गंध: कान वाहत नाहीये हो! वय साडेचार, दोन्ही कान. आकडे ०.६ आणि ०.७. कोर्स संपून तीन आठवडे झाले.

कर्णवेध: आकडे ना मोठे, ना लहान. मग पडदे शाबूत आहेत आणि बहुधा मागे पाणी साठलंय. या वयात घशाकडून कानात जाणारी नळी आखूड आणि आडवी असते. सुजली की हवा आत जात नाही, स्राव साचतो, पडदा आणि त्याच्या मागची हाडं नीट हलत नाहीत. ऐकण्यातली घट साधारण २० ते ३० डेसिबलची, कानात बोटं घालून ऐकल्यासारखी. समोरासमोर बोललेलं कळतं, वर्गाच्या गोंगाटात मात्र 'स', 'फ' असे हळू आवाज हरवतात. इन्फेक्शननंतरचं पाणी बहुतेक मुलांत तीन महिन्यांत आपोआप जातं. अँटिबायोटिक किंवा अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी त्याला फारसा फरक पडत नाही, म्हणून औषध दिलेलं नाही.

घारापुरी: थांबून भाषेचं नुकसान कशाला? ग्रॉमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) टाकून मोकळं व्हा. दहा मिनिटांचं काम.

कर्णवेध: काम दहा मिनिटांचं, पण भूल पूर्ण द्यावी लागते. ग्रॉमेट साधारण ६ ते १२ महिन्यांत आपोआप गळून पडतं, काही मुलांत पडद्यावर चट्टा किंवा छिद्र राहतं. तीन महिन्यांनंतरही पाणी असेल आणि चांगल्या कानात २५-३० डेसिबलपेक्षा जास्त घट असेल, तर ग्रॉमेटचा विचार नक्की करायचा. टाळूला फट किंवा आधीच बोलणं उशिरा असेल, तर इतकं थांबायचं नाही.

घारापुरी: मान्य. पण आधी ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ती चाचणी) केली का, हे विचारा. टिम्पॅनोमेट्रीतून किती ऐकू येतं ते कळत नाही.

मृद्गंध: नाही केली. एवढा लहान करेल का?

कर्णवेध: करतो. आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा, असा खेळ असतो. आताच करून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा, तुलना करायला. हाडामार्गे ऐकणंही तपासायला सांगा. ते चांगलं असेल तर आतली नस शाबूत. तोवर वर्गात पहिला बाक, आणि बाईंना सांगा की नाव घेऊन, समोर बघून बोला. नाकपुडीने फुगवायचा फुगा मिळतो, दिवसातून तीनदा, दोन्ही नाकपुड्यांनी. सर्दीत करायचं नाही. जवळ सिगारेट ओढू देऊ नका.

झोपेत घोरतो का?

मृद्गंध: हो, तोंड उघडं ठेवूनच झोपतो. याचा कानाशी काय संबंध?

कर्णवेध: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागे घशात असलेल्या गाठी) वाढलेले असू शकतात, ते घशाकडून कानात जाणाऱ्या त्या नळीच्या तोंडापाशीच असतात. पुढच्या भेटीत हे आधी सांगा. नाकाची दुर्बीण किंवा मानेचा बाजूचा एक्स-रे करतील. आणि झोपेत श्वास थांबून दचकतो का, ते आज रात्री बघा. थांबत असेल तर तीन महिने वाट बघू नका, याच आठवड्यात दाखवा.