परेरा, पेरेरा आणि आपला पेरू

वसईच्या एका ताईंनी विचारलंय: "आमचं आडनाव परेरा. श्रीलंकेच्या क्रिकेट संघात कायम एखादा पेरेरा असतोच. ते आमचे कोण? आणि या शब्दाला काही अर्थ आहे का?"

अर्थ आहे, ताई, आणि तो गोड आहे. पोर्तुगीजमध्ये 'पेरा' म्हणजे नासपती आणि 'पेरेइरा' म्हणजे नासपतीचं झाड. त्याच पेरेइराचं आपल्याकडे परेरा झालं, श्रीलंकेत पेरेरा. फळाच्या नावाला 'एइरा' जोडलं की झाड होतं: 'फिगो' अंजीर, 'फिगेइरा' अंजिराचं झाड; 'नोझ' अक्रोड, 'नोगेइरा' अक्रोडाचं झाड. ऑलिव्हेरा हे आडनाव ऑलिव्हच्या झाडावरून आलं. सिसिलिया कार्व्हालो यांचं नाव मराठी वाचकांना माहीत आहे. त्यांच्या आडनावाचा अर्थ ओक वृक्ष. मात्र 'एरा' दिसलं की झाडच समजू नये. फरेरामध्ये 'फेर्रो', म्हणजे लोखंड आहे. ते आडनाव लोखंडाच्या खाणीच्या किंवा भट्टीच्या जागेवरून आलं.

पण माणसाला झाडाचं नाव का लागावं? आपल्याकडचं उदाहरण घ्या. पिंपळ होता म्हणून गावाला पिंपळगाव म्हणाले आणि त्या गावचा माणूस पिंपळगावकर झाला. झाडावरून गाव, गावावरून घराणं. पोर्तुगालात अगदी हेच झालं. तिथे पेरेइरा नावाची गावं आणि वाड्या अनेक आहेत. तिथल्या जमीनदार घराण्यांनी 'द पेरेइरा' असं लावायला सुरुवात केली. आपला 'कर' नावाच्या शेवटी येतो, त्यांचा 'द' आधी येतो, एवढाच फरक. पुढे कित्येक घराण्यांतला 'द' गळाला आणि नुसतं पेरेइरा राहिलं. गावं अनेक असल्यामुळे घराणीही पहिल्यापासून अनेक. सगळ्या परेरांचा मूळपुरुष एक, ही समजूत पोर्तुगालातच टिकत नाही, मग वसई-कोलंबोची गोष्टच सोडा.

या आडनावाचा सर्वांत मोठा माणूस नुनो आल्व्हारेस पेरेइरा. १४ ऑगस्ट १३८५ रोजी अल्जुबारोताच्या लढाईत त्याने शेजारच्या कास्तीलच्या (आजच्या स्पेनमधल्या राज्याच्या) मोठ्या फौजेला हरवलं आणि पोर्तुगालचं स्वातंत्र्य राखलं. म्हातारपणी तो लिस्बनच्या कार्मो मठात जाऊन राहिला. हा मठ त्याने स्वतःच बांधवून घेतला होता. २००९ साली पोपनी त्याला संत म्हणून जाहीर केलं. मला त्याच्या पराक्रमाइतकंच त्याचं नाव महत्त्वाचं वाटतं. आजोबा गोन्सालो पेरेइरा. वडील आल्व्हारो गोन्साल्व्हेस पेरेइरा. हा नुनो आल्व्हारेस पेरेइरा. 'गोन्साल्व्हेस' म्हणजे गोन्सालोचा मुलगा, 'आल्व्हारेस' म्हणजे आल्व्हारोचा. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव: आपली मराठी पद्धत जशीच्या तशी! पुढे ही पद्धत तिकडे मोडली आणि मधलं बापाचं नाव गोठून तेच आडनाव होऊन बसलं. आपल्याकडचे गोन्साल्विस, फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोपीस हे सगळे त्या गोठलेल्या बापांचे वारस. परेरा त्या रांगेतलं नाही, ते गावाचं आणि झाडाचं.

आता वसई. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या शेतकरी, बागायतदार, कोळी अशा अनेक समाजांतली माणसं ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी नवं नाव मिळायचं आणि त्याबरोबर आडनावही. ते बहुतेक वेळा धर्मपित्याचं (बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून उभ्या राहणाऱ्याचं), नाहीतर बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं, किंवा एखाद्या अधिकाऱ्याचं असे. एका दिवशी एका कुंडाशी उभ्या राहिलेल्या दहा घरांना एकच आडनाव मिळू शकत होतं, आणि सख्ख्या चुलत घरांना वेगवेगळी. गोव्यातही हेच. म्हणून परेरा हे आडनाव पोर्तुगीज रक्ताचा पुरावा नाही. बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ कोण उभं होतं, याची ती आठवण आहे. परेरांच्या मुलीचं लग्न परेरांच्या मुलाशी ठरताना आडनाव आड येत नाही, नातं पिढ्या मोजून पाहतात, त्याचं कारणही हेच.

श्रीलंकेत तीच गोष्ट, फक्त शेवट निराळा. पोर्तुगीज तिथे सोळाव्या शतकाच्या आरंभी पोचले. किनाऱ्यावरचे सिंहली लोक ख्रिस्ती झाले आणि पेरेरा, सिल्व्हा, फर्नांडो, मेंडिस ही नावं त्यांना मिळाली. नंतर डच आले, मग इंग्रज. त्या उलथापालथीत असंख्य कुटुंबं बौद्ध धर्मात परत गेली, पण कागदोपत्री चढलेलं आडनाव तसंच राहिलं. म्हणून श्रीलंकेत पेरेरा म्हटलं की माणूस ख्रिस्ती असेल असं गृहीत धरता येत नाही. तिथे पौर्णिमेला विहारात फुलं वाहणारे पेरेरा हजारोंनी आहेत. वसईत आडनाव आणि धर्म बरोबर चालले, कोलंबोत धर्म परत गेला आणि आडनाव राहिलं. आज ते त्या देशातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे.

बरं, सिंहली माणसाचं जुनं घराण्याचं नाव कुठे गेलं? ते गेलं नाही, पुढे सरकलं. तिसारा पेरेराचं पूर्ण नाव नारंगोडा लियनाराच्चिलागे तिसारा चिरंता पेरेरा. सुरुवातीचे दोन लांब शब्द घराण्याची ओळख सांगतात, शेवटचा एक शब्द पोर्तुगीजांची. दोन्ही ओळखी एका नावात सुखाने नांदतात.

हाच तो तिसारा, ज्याने ६ एप्रिल २०१४ ला मीरपूरमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपल्याविरुद्ध विजयी षटकार मारला. तो सामना मी वसईत एका मित्राच्या घरी पाहिला. मित्राचं आडनाव परेराच. षटकार गेला, खोली गप्प झाली आणि मग त्याच्या आजी शांतपणे म्हणाल्या, "आपल्या नावाचो पोरगो जिंकलो रे." तेव्हापासून हे आडनाव माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ताई, तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर द्यायचं तर: तुमचं त्यांचं रक्ताचं नातं नाही, पण तुम्हा दोघांच्याही पूर्वजांना ते नाव एकाच समुद्रावरच्या एकाच शतकातल्या लाटेने दिलं.

खाली आणखी दोघांनी विचारलंय, त्यांचंही इथेच घेतो.

एका दादांचं म्हणणं: "झाडांची आडनावं म्हणजे मूळचे ज्यू, असं वाचलंय." हे फार पसरलेलं आहे आणि अशा स्वरूपात चुकीचं आहे. पोर्तुगालात ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं ते १४९७ साली. नुनो आल्व्हारेसने अल्जुबारोता जिंकली त्याच्या शंभरहून जास्त वर्षं आधी, आणि त्याचे आजोबा तर ब्रागाचे आर्चबिशप होते. सक्तीने बाटवलेल्या ज्यूंनी भोवतालची रुळलेली आडनावं घेतली, त्यांत पेरेइराही होतं, एवढंच खरं. त्यांच्यातले जे निसटून ॲमस्टरडॅम, लंडन, बोर्दोला गेले ते नाव बरोबर घेऊन गेले. मुक्या-बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारे अठराव्या शतकातले प्रसिद्ध शिक्षक जाकोब रोद्रिगेस पेरेइरा त्यांच्यातलेच. त्यांचे नातू एमिल आणि इझाक यांनी १८५२ साली पॅरिसमध्ये क्रेदी मोबिलिये ही बँक काढली. फ्रेंच जिभेवर नाव 'पेरेर' झालं आणि पॅरिसच्या मेट्रोत त्या नावाचं स्टेशन आजही आहे. पण एखाद्या परेराच्या आडनावावरून त्याचे पूर्वज ज्यू होते असा निष्कर्ष काढणं म्हणजे वाटेत दिसलेल्या प्रत्येक पिंपळगावकराला एकाच घरचा समजणं.

दुसरा प्रश्न दिसायला सारख्या नावांचा: तीही याच शब्दातली का? १९९४ साली ब्राझीलला विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक पारेइरा वेगळे. 'पारेइरा' म्हणजे मांडवावर चढवलेला द्राक्षाचा वेल. आणि स्पेनमधल्या कातालोनियातही पेरेरा आडनाव आहे, अगदी श्रीलंकेसारखं दिसणारं. कातालान भाषेत नासपतीच्या झाडाला 'पेरेरा'च म्हणतात, म्हणून ते तिथल्या मातीतलं, पोर्तुगालहून न आलेलं. एका लॅटिन फळाच्या या दोन बहिणी.

बाकीचा पसारा थोडक्यात. पोर्तुगालात आणि ब्राझीलमध्ये हे आडनाव अगदी वरच्या काहींत आहे. ब्राझीलमध्ये ते गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांना आणि मूळ रहिवाशांनाही लावलं गेलं, तिथेही रक्त आणि नाव यांची फारकत झालेली आहे. आफ्रिकेजवळचा केप व्हर्दे हा बेटांचा देश १९७५ साली स्वतंत्र झाला तेव्हा पहिले राष्ट्राध्यक्ष आरिस्तिदेस पेरेइरा होते. आजच्या मलेशियातलं मलाक्का १५११ ते १६४१ पोर्तुगीजांकडे होतं, तिथल्या क्रिस्तांग, म्हणजे पोर्तुगीज आणि स्थानिक अशा मिश्र वंशाच्या लोकांत हे आडनाव आजही चालतं. कोलंबियात तर पेरेइरा नावाचं अख्खं शहर आहे, १८६३ साली वसलेलं, जमीनमालकाच्या आडनावावरून नाव पडलेलं.

पण मला सर्वांत जास्त आवडते ती हवाईची गोष्ट. १८७८ पासून मादेइरा आणि असोर्स बेटांवरचे पोर्तुगीज शेतमजूर उसाच्या मळ्यांत कामाला हवाईत जाऊ लागले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू बेडफर्डकडे, देवमासे मारणाऱ्या जहाजांवरून त्याआधीच त्यांची ये-जा होती. इंग्रजी बोलणाऱ्यांत राहताना रोद्रिगेसचे रॉजर्स झाले, ऑलिव्हेराचे ऑलिव्हर झाले आणि पेरेइरांचे पेरी झाले. कानाला जवळचं म्हणून घेतलेलं नाव. पण पेरी हे जुनं इंग्रजी आडनाव आहे आणि त्याचा मूळ अर्थ नासपतीच्या झाडापाशी राहणारा! भाषांतर करायला कोणी बसलं नव्हतं, तरी भाषांतर अचूक झालं.

आता पेरू. नासपती कोकणच्या हवेत होत नाही. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेलं एक फळ मात्र इथे झकास रुजलं. आकार बराचसा नासपतीसारखा, देठाकडे निमुळता. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी त्यालाच 'पेरा' म्हणायला सुरुवात केली. कोंकणीत ते 'पेर' झालं, मराठीत पेरू. पेरू देशावरून हे नाव आलं असं आपण शाळेपासून ऐकतो. मला ते पटत नाही, आणि त्याची कारणं ताटात वाढलेली आहेत. मल्याळममध्ये पेरूला 'पेरक्का' म्हणतात. सिंहलीत 'पेर'. कोची, गोवा, वसई, कोलंबो: जिथे जिथे परेरा पोचला त्याच किनाऱ्यावर हे फळ त्याच नावाने पोचलं. हिंदीचा 'अमरूद' पाहा. फारसीत अमरूद म्हणजे नासपतीच. किनाऱ्यावरच्या माणसांनी आणि दिल्लीकडच्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, या नव्या फळाला नासपतीचंच नाव दिलं.

गोव्याची पेराद खाल्ली आहे का? पेरू उकडून, गाळून बिया काढायच्या, गर साखरेबरोबर जाड बुडाच्या भांड्यात ढवळत राहायचं. आधी तो पिवळट असतो, मग गुलाबी, मग तांबूस. कडेने सुटायला लागला आणि हात भरून आला की तूप लावलेल्या पाटावर ओतायचा, थापायचा, गार झाल्यावर शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडायचे. सुरी चिकटते, मध्ये मध्ये पुसावी लागते. पोर्तुगालात 'पेरादा' म्हणजे नासपतीची वडी. ब्राझीलमध्ये पेरूच्या वडीला 'गोयाबादा' म्हणतात, कारण तिथे पेरू 'गोयाबा' आहे. पेरूची वडी आणि नाव मात्र नासपतीचं, ही खूण गोव्याचीच.

म्हणजे ताई, 'परेरा'चं मराठी करायचंच झालं तर शब्दकोशाप्रमाणे नासपतीचं झाड. पण आपल्या किनाऱ्यावर 'पेरा' शब्दाला जे फळ लागलं त्याप्रमाणे, तुमच्या वाडीत विहिरीच्या कडेला उभं असेल ते झाड.

विदर्भातल्या मंडळींना एक विनंती. तुमच्याकडे पेरूला जाम म्हणतात, 'पेरू' हा शब्द तिकडे पुस्तकातून आणि पुण्या-मुंबईच्या वाऱ्याने आला असं माझ्या नागपूरच्या आत्यांकडून ऐकलंय. जाम कुठल्या जिल्ह्यापर्यंत आणि पेरू कुठून पुढे, हे आपापल्या गावाच्या नावासकट लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिलंत तर फार बरं.