डॅक चिपच्या आधी लेन्स बघा

सीडी प्लेअर घेताना 'डॅक चिप (डिजिटल माहितीचा आवाजाचा सिग्नल करणारी चिप) कुठली ते बघा, बाकी सगळं सारखंच' असं एक मत ऐकू येतं, ते निम्मंच पटलं. सीडीवर मुळात १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ एवढंच असतं. ते नीट वाजवणारी चिप मध्यम किमतीच्या प्लेअरमध्येही असते, आणि कोॲक्सिअल आउटपुट (डिजिटल सिग्नल तसाच बाहेर देणारी जोडणी) असेल तर पुढेमागे बाहेरचा डॅक जोडता येतो. झिजते ती सीडी वाचणारी लेसर लेन्स. तिचा सुटा भाग मिळेना झाला की उत्तम प्लेअरचाही नुसता खोका होतो, म्हणून लेन्सचा नंबर आधी विचाराच. सोनीची केएसएस-२१३ अनेक कंपन्यांनी वापरली, त्यामुळे ती अजून सापडते; नकलांपासून मात्र जपा.

जुना घेत असाल तर सत्तरेक मिनिटांची सीडी सोबत न्या आणि थेट शेवटचा ट्रॅक लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, कडेला तबकडी जास्त डोलते, त्यामुळे थकलेली लेन्स तिथेच अडखळते. मग सीडी-आर, म्हणजे कॉम्प्युटरवर लिहिलेली सीडी, लावून बघा. तिच्यावरून प्रकाश कमी परततो, म्हणून थकलेल्या लेन्सला ती वाचणं जड जातं. ट्रे अडकत असेल तर बहुधा रबरी पट्टा सैल झालेला असतो, तो स्वस्तात बदलतो. आणि मागची पट्टी वाचा: जपानी बाजारातला प्लेअर १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर ट्रान्सफॉर्मर जळेल.