गच्चीचं इन्सुलेशन: स्लॅबच्या वर की खाली, आणि ५० मिमी पुरेल का?

विदर्भ_साइट:
नागपुरात ऑफिसची इमारत, तळमजला अधिक तीन. गच्ची ११०० चौ.मी., स्लॅब १५० मिमी, वर जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर), दोन ठिकाणी गळतो. वरच्या मजल्यावर दुपारी तीननंतर एसी कितीही चालवा, २७ च्या खाली येत नाही. तीन कोटेशनं आहेत: नुसता पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग, स्लॅबला खालून ५० मिमी पफ (पॉलियुरेथेन फोम) स्प्रे, किंवा कोबा काढून वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिमी एक्सपीएस (कडक फोमचे बोर्ड) आणि स्क्रीड (सिमेंट-काँक्रीटचा पातळ थर). पुढे सोलर बसणार आहे. ईसीबीसीचा (इमारतींच्या ऊर्जाबचतीची सरकारी संहिता) आकडाही गाठायचा आहे. कोणतं घ्यावं?

यू_व्हॅल्यू:
आधी गणित, मग कोटेशन. ईसीबीसी २०१७ नुसार नागपूर कंपोझिट हवामानात येतं. ऑफिसच्या छताचं यू-मूल्य (एक अंश फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते) तिथे ०.३३ पेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे एकूण आर (उष्णतेला होणारा विरोध, १ भागिले यू) साधारण ३.०३ हवा. कोबा काढल्यावर हातात काय उरतं ते पाहा: आत-बाहेरच्या हवेच्या थरांचे ०.२०, आरसीसीचे ०.०९५, प्लास्टर आणि स्क्रीड मिळून ०.०८. झाले ०.३८. बाकीचे २.६५ इन्सुलेशननेच भरायचे. एक्सपीएसचा के (उष्णता वाहून नेण्याचा गुणांक) ०.०३४ धरला तर ९० मिमी लागतात. ५० मिमीने यू-मूल्य ०.५४ वर अडकतं, त्यामुळे तिसरं कोटेशन जसंच्या तसं घेऊ नका. ५० आणि ४० मिमीचे दोन थर मागा. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येता कामा नयेत, नाहीतर त्या रेषांतून उष्णता सरळ खाली येते.

तीननंतरची तक्रार अपेक्षितच आहे. स्लॅब आणि कोबा दुपारभर उष्णता साठवतात आणि ऊन उतरू लागल्यावर खाली सोडतात. ढोबळ हिशेब सांगतो. सध्याचं यू-मूल्य २ च्या आसपास, ऊन धरून बाहेरचं परिणामी तापमान ६०, आत २५. ११०० × २ × ३५ = ७७ किलोवॅट, म्हणजे जवळपास २२ टन एसी फक्त छतासाठी. ०.३३ केलं की हाच भार साडेतीन-पावणेचार टनांवर येतो. स्लॅबच्या वजनामुळे प्रत्यक्षातला उच्चांक याहून कमी असतो, पण प्रमाण तेच राहतं.

कोबा_ते_मेंब्रेन:
खालून पफ मारायचा विचार सोडा. स्लॅब उन्हात तापतच राहतो, रोज फुगतो-आकसतो आणि पॅरापेटच्या बुडाशी चिरतो. त्यात तुमची गच्ची आधीच गळते आहे. पाणी फोममागे अडकेल, सळई गंजेल आणि डाग दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असेल. शिवाय फॉल्स सीलिंगच्या वर, वायरिंगच्या डोक्यावर उघडा फोम ठेवणं आगीच्या दृष्टीनेही वाईट.

वरून करायचं तर क्रम असा. कोबा पूर्ण उतरवा. चौरस मीटरला दोन-सव्वादोनशे किलो वजन उतरतं. चिरा भरा, १:१०० उताराचं स्क्रीड टाका, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यात सिमेंटची गोलाई (वाटा) घ्या. मग वॉटरप्रूफिंगचा थर (मेंब्रेन), भिंतीवर तयार पातळीच्या वर किमान १५० मिमी चढवून. ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खाली छत कोरडं आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक्सपीएस टाकल्यावर गळती शोधणं म्हणजे अख्खी गच्ची उकरणं.

एक्सपीएस ३२ ते ३६ किलो/घनमीटर घनतेचं, कडांना खाच असलेलं घ्या. थर्माकोल स्वस्त पडतो म्हणून कुणी सुचवेल, पण तो पाणी पितो आणि इथे फोम मेंब्रेनच्या वर म्हणजे ओल्यातच बसणार आहे. फोमवर जिओटेक्सटाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड) पसरा, नाहीतर सिमेंटची स्लरी सांध्यांत उतरते. त्यावर ५० मिमी एम२० स्क्रीड, जाळीसह, २ × २ मीटरच्या पट्ट्यांत, सांध्यात पॉलिसल्फाइड (रबरासारखं लवचिक सीलंट). पट्ट्या मोठ्या केल्या तर मे महिन्यातच तडे जातात.

साइटवर तीन चुका हमखास होतात. टॉर्चने मेंब्रेन चिकटवताना शेजारी रचलेला फोम वितळतो. सॉल्व्हंटचा गोंद लावला की बोर्डला खड्डा पडतो. आणि बोर्ड टाकून स्क्रीड चार दिवसांवर ढकललं की वळवाच्या वाऱ्यात बोर्ड शेजारच्या प्लॉटवर सापडतात. जेवढं दिवसात झाकता येईल तेवढंच टाका.

चुना_आणि_चायना:
रंगाला अगदीच निकालात काढू नका. ईसीबीसी २०१७ कमी उताराच्या छताला परावर्तन (ऊन परतवण्याचं प्रमाण) किमान ०.६० आणि उत्सर्जन (साठलेली उष्णता बाहेर टाकण्याचं प्रमाण) किमान ०.९० मागतंच. पण रंगाने यू-मूल्य बदलत नाही, आणि धूळ बसली की परावर्तन घसरतं, पाण्याच्या डबक्यात रंग सुटतो. त्यामुळे स्क्रीडवर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करा. धुतला की पुन्हा उजळतो, वर चालताही येतं. सांध्यांत काळा पिगमेंट घालू देऊ नका, कारागिराला तो सवयीने घालायचा असतो.

विदर्भ_साइट:
पटलं. दोन शंका. जिन्याच्या दाराचा उंबरा सध्याच्या कोब्यापेक्षा जेमतेम १०० मिमी वर आहे. आणि सोलरवाला म्हणतो, स्क्रीडमध्ये अँकर मारून स्टँड उभे करू.

कोबा_ते_मेंब्रेन:
उंबऱ्याचं आत्ताच मोजा. फोम ९० आणि स्क्रीड ५० मिळून १४० मिमी, त्यात उतार. कोबा ११५ मिमीचा असेल तर सर्वात उथळ जागीही तयार पातळी २५ मिमी वर येते. उताराचा माथा दारापाशी असेल तर बारा मीटरच्या उताराला तिथे १२० मिमी आणखी वाढतात आणि पाणी जिन्यात जाईल. माथा दारापासून दूर ठेवा, पाईप दाराच्या बाजूला घ्या, आणि उंबरा दगडाने उचलून मेंब्रेन त्याच्यावर चढवा. पाईपच्या तोंडाला दोन पातळ्यांवर पाणी शिरलं पाहिजे, मोझॅकवरचं आणि फोमखालचं. खालची वाट बुजवली की फोम तरंगू पाहतो.

अँकरचं मात्र ऐकू नका. १०० मिमीचा अँकर ५० मिमी स्क्रीड सोडला तर फोममध्ये लोंबकळतो, लांब घेतला तर मेंब्रेन फोडतो. वॉटरप्रूफिंगच्या आधीच बीमवर काँक्रीटचे पेडेस्टल (छोटे चौथरे) सळईसह उभे करा आणि मेंब्रेन त्यांच्यावर चढवा.

यू_व्हॅल्यू:
पेडेस्टल मोजकेच ठेवा. प्रत्येक पेडेस्टल फोमला आरपार छेदतो आणि तिथून उष्णता खाली येते. सोलरचा लेआउट कोबा फोडण्याआधी हातात घ्या.